आबे फारियांचा रिकामा हात

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा उभा आहे. पुढे ताणलेले हात आणि त्यांच्याखाली भान हरपून कोसळणारी स्त्री. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही 1945 मधील कृती देखणी खरीच. पण तिच्यामुळे पाहणाऱ्याचा नेमका उलटा समज होतो. हातातून कसलीही शक्ती वाहत नाही, हे पटवण्यातच फारियांची अखेरची वर्षे खर्ची पडली.

जुझे कुस्तोदियो फारिया यांचा जन्म 1756 सालचा, बार्देशातील कांदोळीचा. आईवडिलांनी संसार सोडला; आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात गेली, वडील पाद्री झाले. 1771 मध्ये बापलेक लिस्बनला पोहोचले. 1780 साली रोममध्ये मुलाला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. 1787 च्या पिंटोंच्या बंडानंतर वडील संशयाच्या भोवऱ्यात सापडले आणि फारियांनी पॅरिस गाठले.

त्या शहरावर फ्रान्झ मेस्मरची मोहिनी होती. सृष्टीत एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो, जाणकाराने तो वळवला की रोग हटतो, असा मेस्मरचा दावा. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए ज्या समितीत होते, तिने 1784 मध्येच असा द्रव नसल्याचा निर्वाळा दिला. जे घडते ते कल्पनेमुळे, असे ठरवले. तरी व्यवसाय चालूच राहिला. मेंदू बदलू शकतो हे खरे, पण तो काही आठवड्यांत नव्याने घडवून देऊ म्हणणाऱ्या आजच्या जाहिराती वाचणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

समितीने जिथे प्रश्न मिटवला, तिथून फारियांचा सुरू झाला. निव्वळ कल्पना देहावर एवढी सत्ता कशी गाजवते? 1813 पासून क्लिशी रस्त्यावर ते जाहीर प्रयोग करू लागले. प्रवेशमूल्य पाच फ्रँक. तेही पैसे घेत, हे लपवण्याचे कारण नाही. माणसाला खुर्चीत सैल बसवून, डोळे मिटून झोपेवर मन एकाग्र करायला ते सांगत आणि मग मोठ्या आवाजात झोपण्याची आज्ञा देत. काही झोपी जात, पुष्कळसे जात नसत. हे अपयश त्यांनी झाकले नाही. झोप प्रयोग करणाऱ्याच्या नव्हे, झोपणाऱ्याच्या अंगी असते, याचा तोच पुरावा होता. कारण शोधताना मात्र तेही घसरले. पातळ रक्ताची माणसे लवकर झोपतात, ही त्यांची उपपत्ती टिकली नाही.

द्रव नाकारल्याने मेस्मरपंथीय दुखावले आणि धर्ममार्तंडांना यात सैतान दिसला. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन, ऐनवेळी डोळे उघडून त्यांची फजिती केली. 1816 मध्ये त्यांची टवाळी करणारे नाटकही रंगभूमीवर आले. प्रेक्षक आटले. 20 सप्टेंबर 1819 रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

पुढे नान्सीच्या लिएबो आणि बेर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेवर आधारलेले उपचार उभे केले, तेव्हा फारियांच्या म्हणण्याला वैद्यकात जागा मिळाली. तोवर अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीने त्यांचे नाव एका कैदी पाद्र्याला देऊन टाकले होते. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांची कबर कोणती, ते आज दाखवता येत नाही.