गाडगेबाबांच्या कीर्तनाला स्टेज नव्हतं, गाव हेच स्टेज होतं

यवतमाळच्या कॉलेजातून बीए, बीकॉम केलेल्या कुणाचीही डिग्री बघा. त्यावर विद्यापीठाचं नाव असतं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ अशा पाच जिल्ह्यांतल्या पोरांच्या डिग्रीवर हे नाव छापलं जातं आणि ज्याचं नाव आहे तो माणूस कधी शाळेत गेला नव्हता.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला झाडू आठवतो. दरवर्षी जयंतीला नेतेमंडळी झाडू हातात घेऊन फोटो काढतात, पोस्ट पडते, विषय संपतो. पण बाबा त्या झाडूचं नेमकं काय करायचे, हे बघितलं तर प्रकरण फार वेगळं आहे.

आजकाल कलेच्या दुनियेत दोन शब्द जोरात आहेत. एक साइट-स्पेसिफिक, म्हणजे एका ठरावीक जागेसाठी आणि त्या जागेतूनच घडवलेली कला. दुसरा इंटरॅक्टिव्ह, म्हणजे बघणारा नुसता बघत नाही, त्यात उतरतो. त्यात परत फाऊंड मटेरियल, म्हणजे टाकून दिलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या वस्तू वापरायच्या. आता हे तिन्ही शब्द डोक्यात ठेवा आणि वऱ्हाडात या.

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट समाजाच्या झिंगराजी आणि सखुबाई जानोरकरांच्या घरी डेबूजीचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी तिथे गुरं राखायचा, नांगर धरायचा, नदीवर पोहायचा. कामाला वाघ होता.

पण मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. घरात कुणाला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे कागदावर काय लिहिलंय ते कळायला मार्ग नव्हता. डेबूजी सावकाराशी भिडला. पुढे आयुष्यभर त्यांच्या कीर्तनात कर्जाचा विषय का यायचा, त्याचं मूळ इथे आहे.

लग्न झालं, पत्नीचं नाव कुंताबाई. मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू-मटणाचं जेवण व्हायला हवं होतं. डेबूजीने गोडाचं जेवण घातलं. भावकी नाराज झाली, पण त्यांनी ऐकलं नाही.

आणि मग १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे आई, बायको, लेकरं सगळं मागे ठेवून ते घरातून निघून गेले.

अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. डोक्यावर फुटक्या गाडग्याचा तुकडा, तोच जेवायचं ताट आणि तोच पाण्याचा पेला. हातात काठी किंवा खराटा. सगळा ऐवज लोकांनी फेकून दिलेला. कुठे त्यांना गोधडेबुवा म्हणायचे, कुठे चिंधेबाबा. शेवटी त्या खापराने नाव दिलं आणि तेच राहिलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गावात यायचं, कुणाला काही न सांगता रस्ता झाडायला सुरुवात करायची. गटार तुंबलेलं असेल तर ते मोकळं करायचं. आधी लोक लांबून बघायचे. मग एखादा लाजून खराटा घ्यायचा, मग दुसरा. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव कामाला लागलेलं असायचं. रात्री त्याच जागेवर कीर्तन. म्हणजे श्रोते ज्या जमिनीवर बसायचे ती त्यांनीच दिवसा साफ केलेली असायची.

कीर्तनही एकतर्फी नसायचं. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे आणि समोरच्या गर्दीकडून उत्तर काढून घ्यायचे. देवाला अंघोळ कोण घालतं, देवापुढे दिवा कशासाठी लावायचा, नैवेद्य राखायला माणूस का लागतो, असं एकेक विचारत जायचे. लोक होकार देता देता अशा ठिकाणी पोहोचायचे की आपलंच उत्तर ऐकून हसायला लागायचे. कोंबडं-बकरं कापणं, शिवाशीव, दारू, कर्ज काढून सण आणि लग्नं करणं, सगळ्याचा समाचार व्हायचा. घरातली भांडी विका पण पोरं शिकवा, हा आग्रह तर ठरलेलाच. पाया पडायला आलेल्याला मात्र ते जवळ येऊ द्यायचे नाहीत.

तिकडे युरोप-अमेरिकेत अशा गोष्टींना कला म्हणायला बरीच वर्षं जावी लागली. १ मे १९७२ ला जर्मन कलावंत जोसेफ बॉइसने पश्चिम बर्लिनमध्ये मोर्चानंतरचा चौक झाडला. पुढच्या वर्षी अमेरिकेत मिअरले लॅडरमन युकेलीस यांनी एका म्युझियमच्या पायऱ्या पुसल्या आणि त्याला कलाकृती म्हटलं. दोघंही मोठे कलावंत, प्रश्नच नाही. पण बॉइसने झाडलेला कचरा काचेच्या कपाटात प्रदर्शनाला ठेवला गेला. बाबांच्या मागे गावात फक्त झाडलेला रस्ता उरायचा आणि ते पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असायचे. अर्थात बाबांनी स्वतःला कलावंत कधीच म्हटलं नाही. ते तर स्वतःला संत म्हणवून घ्यायलाही तयार नव्हते.

काही कामं मात्र दगडात उभी राहिली. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत लोक चिखलात घसरायचे, तिथे बाबांनी लोकांच्या श्रमातून घाट बांधला. गावाच्या नावाचा अर्थ कर्जातून सुटका, हा योगायोगच. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

याची किंमत घरच्यांनी मोजली, हे सहसा कुणी सांगत नाही. लाखोंच्या इमारती उभ्या राहत असताना कुंताबाई गरिबीतच राहिल्या. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेला, तेव्हाही बाबा कीर्तनाच्या दौऱ्यावर होते.

२००० मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावं खरंच चकाचक झाली. पण अभियानात दिवसाचा झाडू आला, रात्रीचे प्रश्न आले नाहीत. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या यवतमाळचं नाव देशभर गेलं, तिथे कर्जावर बोलणारा तो रात्रीचा अर्धा भाग जास्त गरजेचा होता.

तो आजही ऐकता येतो. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर झालेलं त्यांचं कीर्तन रेकॉर्ड केलेलं आहे आणि इंटरनेटवर सापडतं. आवाज थकलाय, पण प्रश्न विचारणं चालूच आहे आणि गर्दी उत्तरं देतेय.

त्यानंतर महिनाभराने, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी प्राण सोडला. त्यांची समाधी अमरावतीत आहे. त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात.