मायकेल सर्व्हेटस

मायकेल सर्व्हेटस (स्पॅनिश नाव: मिगेल सेर्व्हेतो; जन्म: इ.स. १५११च्या सुमारास, आरागोन, स्पेन. मृत्यू: २७ ऑक्टोबर, इ.स. १५५३, जिनिव्हा) हे सोळाव्या शतकातील स्पॅनिश ईश्वरशास्त्रज्ञ, वैद्य व भूगोलाचे अभ्यासक होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती मिळून एकच देव आहे, या ख्रिस्ती त्रैक्य सिद्धांताला त्यांनी बायबलमधील हिब्रू ईश्वरनामांच्या आधारे आव्हान दिले. फ्रान्समधील कॅथलिक आणि जिनिव्हातील प्रोटेस्टंट अशा दोन्ही सत्तांनी त्यांना मृत्युदंड सुनावला.

प्रारंभिक जीवन

सर्व्हेटस यांचे बालपण व्हियानुएव्हा दे सिहेना या गावी गेले. त्यांचे वडील दस्तऐवज लेखक व साक्षांकक होते. तरुणपणी ते हुआन दे किंताना या फ्रान्सिस्कन विद्वानाच्या सेवेत राहिले. तूलूझ येथे कायद्याचे शिक्षण घेत असताना त्यांनी बायबलचा बारकाईने अभ्यास केला. स्पेनमधील ज्यूंना इ.स. १४९२मध्ये बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांपैकी एकाची निवड करावी लागली होती. पुढील काही दशकांत मुसलमानांवरही तीच वेळ आली. त्रैक्याची कल्पना या दोन्ही समाजांना ख्रिस्ती धर्मापासून दूर ठेवते, हे सर्व्हेटस यांनी आपल्या लेखनात नोंदवले आहे.

इ.स. १५३०मध्ये बोलोन्या येथे सम्राट पाचव्या चार्ल्सचा राज्याभिषेक त्यांनी पाहिला. तेथील पोपचे वैभव पाहून त्यांचे मन विटले. त्यानंतर ते बाझेल व स्ट्रासबुर्ग येथील धर्मसुधारकांकडे गेले.

ईश्वरनामांविषयीचा युक्तिवाद

इ.स. १५३१मध्ये, वयाच्या विशीत, त्यांनी त्रैक्य सिद्धांतातील चुकांवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. हिब्रू बायबलमध्ये देवासाठी अनेक नावे येतात. चार व्यंजनांचे नाव, ज्याचा उच्चार त्या काळी यहोवा असा केला जाई, हे विशेषनाम आहे. एलोहीम व अदोनाय या उपाध्या आहेत. मराठी बायबलमध्ये परंपरेने पहिल्यासाठी परमेश्वर, तर एलोहीमसाठी देव हा शब्द येतो. लॅटिन व ग्रीक भाषांतरांत हा भेद अस्पष्ट होतो, आणि त्यातूनच गोंधळ उद्भवतो, असे सर्व्हेटस यांचे म्हणणे होते.

एलोहीम हे रूप व्याकरणदृष्ट्या अनेकवचनी आहे. अनेक ख्रिस्ती भाष्यकारांना त्यात त्रैक्याची सूचना दिसत असे. सर्व्हेटस यांना त्यात तीन व्यक्तींचा पुरावा दिसला नाही. निर्गमच्या सातव्या अध्यायात फारोपुढे मोशेला हीच उपाधी मिळते, तर स्तोत्रसंहितेच्या ८२व्या स्तोत्रात ती न्याय करणाऱ्यांना उद्देशून येते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे ही उपाधी ईश्वराकडून मिळालेल्या अधिकाराचीही असू शकते. यहोवा हे नाव मात्र केवळ पित्याचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात थोमा पुनरुत्थित येशूला देव म्हणतो, तेव्हा त्यामागे एलोहीम व अदोनाय अभिप्रेत आहेत, यहोवा नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यांनी येशूचे देवत्व नाकारले नाही. येशू हा देवाचा खरा पुत्र असून त्याच्यात पित्याचे देवत्व प्रकट झाले, असे ते मानत. पुत्र ही अनादि काळापासून वेगळी असलेली व्यक्ती आहे, हे मात्र त्यांना मान्य नव्हते. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही आणि इ.स. ३२५च्या नायसिया परिषदेपासून ग्रीक तत्त्वज्ञानाची परिभाषा श्रद्धेवर लादली गेली, अशी त्यांची टीका होती. याउलट, हिब्रू बायबलमधील यहोवाविषयीची वचने नव्या करारात येशूला लावलेली आहेत, उदाहरणार्थ यशयाच्या ४०व्या अध्यायातील मार्ग तयार करण्याचे वचन. त्यामुळे नावांमधील ही भिंत टिकत नाही, असे त्रैक्यवाद्यांचे उत्तर आहे.

अज्ञातवास

ग्रंथामुळे कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघेही संतप्त झाले. स्पेनच्या धर्मन्यायपीठाने त्यांना परत आणण्यासाठी त्यांच्या धर्मगुरू भावाला पाठवले. सर्व्हेटस यांनी मिशेल द व्हिलनव्ह हे नाव धारण करून फ्रान्समध्ये आश्रय घेतला. तेथे त्यांनी टॉलेमीच्या भूगोलाची आवृत्ती संपादित केली (इ.स. १५३५), पॅरिसमध्ये वैद्यक शिकले आणि व्हिएन या शहरात आर्चबिशपचे वैद्य झाले. इ.स. १५४२मध्ये त्यांनी सांतेस पान्यिनी यांच्या हिब्रूवरून केलेल्या लॅटिन बायबलचे संपादन केले. भविष्यवाण्यांचा पहिला अर्थ इस्राएलच्या इतिहासातच शोधावा, असा त्यातील टिपांचा रोख आहे.

खटला व मृत्यू

जिनिव्हातील सुधारक जॉन कॅल्व्हिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार कटुतेत संपला. इ.स. १५५३च्या आरंभी ख्रिस्ती धर्माच्या पुनःस्थापनेवरील त्यांचा ग्रंथ गुप्तपणे छापला गेला. रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसांमार्गे डाव्या भागात जाते, हे युरोपात प्रथम छापील स्वरूपात या ग्रंथात आले. जिनिव्हातून पुरवलेल्या पुराव्यांवरून एप्रिलमध्ये व्हिएन येथे त्यांना अटक झाली. ते तुरुंगातून निसटले. जूनमध्ये तेथे त्यांचा पुतळा जाळण्यात आला.

१३ ऑगस्ट रोजी जिनिव्हात त्यांना ओळखून पकडण्यात आले. वकील देण्याची त्यांची विनंती फेटाळली गेली. त्रैक्य व बालबाप्तिस्मा नाकारल्याच्या आरोपांवर नगरपरिषदेने त्यांना जाळण्याची शिक्षा दिली. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, ही कॅल्व्हिन यांची सूचना मान्य झाली नाही. शांपेल टेकडीवर मरताना त्यांनी येशूचा धावा केला. परंतु शाश्वत हे विशेषण पुत्राला न लावता देवालाच लावले. त्या शब्दाची जागा बदलणे म्हणजे आपले मत सोडणे ठरले असते.

वारसा

इ.स. १५५४मध्ये सेबास्टियन कॅस्टेलियो यांनी पाखंडी लोकांना ठार मारण्याच्या प्रथेविरुद्ध ग्रंथ लिहिला. युरोपातील धार्मिक सहिष्णुतेच्या चर्चेत तो महत्त्वाचा मानला जातो. सर्व्हेटस यांच्या अखेरच्या ग्रंथाच्या मूळ आवृत्तीच्या केवळ तीन प्रती उरल्या असून त्या पॅरिस, व्हिएन्ना व एडिंबरा येथे आहेत. इ.स. १९०३मध्ये कॅल्व्हिन यांच्याच अनुयायांनी शांपेल येथे प्रायश्चित्तपर स्मारकशिला उभारली.