सुरूच्या झाडाची कवयित्री : तोरू दत्त

कॅज्युअरिना म्हणजे आपले सुरूचे झाड. कोकणच्या किनाऱ्यावर रांगेने उभी असलेली ही झाडे वारा सुटला की दुसऱ्या समुद्रासारखी वाजतात. पण या झाडावर कुणी कविता लिहिली असेल, ती इंग्रजीत असेल, आणि लिहिणारी जेमतेम वीस-एकवीस वर्षांची हिंदी मुलगी असेल, असे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? 'अवर कॅज्युअरिना ट्री' ही कविता इंग्रजीच्या पुस्तकात अनेकांनी वाचली असेल. परीक्षेपुरती वाचली आणि सोडून दिली असेल. त्या कवितेमागचे आयुष्य मात्र सोडून देण्यासारखे नाही. म्हणून तोरू दत्तची ही ओळख.

तोरूचा जन्म 4 मार्च 1856 रोजी कलकत्त्यातील रामबागान येथे झाला. दत्त घराणे विद्येसाठी आणि संपत्तीसाठी प्रसिद्ध होते. वडील गोविंदचंद्र हिंदू कॉलेजात शिकलेले, इंग्रजीत कविता करणारे. आई क्षेत्रमणी जुन्या वळणाची, बंगाली पुराणकथांत आणि गाण्यांत रमणारी. थोरला अब्जू, मधली अरू आणि धाकटी तोरू अशी ही तीन भावंडे. 1862 साली या कुटुंबाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा तोरू अवघी सहा वर्षांची होती. आईला हे धर्मांतर आरंभी मुळीच रुचले नव्हते. पुढे मात्र तिची श्रद्धा इतकी दृढ झाली की एका ख्रिस्ती धर्मपर पुस्तकाचे तिने बंगालीत भाषांतर केले.

धर्म बदलला तरी घरातल्या गोष्टी बदलल्या नाहीत. संध्याकाळी आई सीतेची कथा सांगे आणि तिन्ही मुले अंधाऱ्या खोलीत ती ऐकता ऐकता रडत. दिवसा शिबचंद्र बॅनर्जी हे शिक्षक मुलींना मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' शिकवीत. त्याचा पहिला सर्ग दोघी बहिणींना पाठ झाला होता! एका कानावर वाल्मीकीची सीता आणि दुसऱ्या कानावर मिल्टनचा सैतान. तोरूच्या मनाची घडण या दोन धारांतून झाली. मधले एक वर्ष हे कुटुंब आपल्या मुंबईतही राहून गेले होते.

1865 साली चौदा वर्षांचा अब्जू गेला. घरावर कोसळलेला हा पहिला घाव. त्यानंतर चार वर्षांनी, 1869 मध्ये, गोविंदचंद्र पत्नीला आणि दोन्ही मुलींना घेऊन युरोपला निघाले. समुद्रपर्यटन करणाऱ्या बंगाली स्त्रिया त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्याच. फ्रान्समधील नीस येथे दोघी बहिणी काही महिने शाळेत गेल्या. तोरूच्या उभ्या आयुष्यात शाळा म्हणून घडली ती एवढीच! पण तेवढ्या अवधीत फ्रेंच भाषा तिच्या जिभेवर आणि फ्रान्स देश तिच्या काळजात जाऊन बसला. पुढे लंडनमध्ये असताना फ्रान्सचा प्रशियाकडून पराभव झाला, त्याचे दुःख तिला स्वतःच्या देशाचे असावे तसे झाले. 1871 ते 1873 या काळात केंब्रिजमध्ये स्त्रियांसाठी चालणाऱ्या व्याख्यानांना दोघी जात. तिथेच तिला मेरी मार्टिन ही मैत्रीण मिळाली. तोरूच्या जीवनाबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे तिने या मेरीला पाठविलेल्या पत्रांमुळे.

1873 मध्ये कुटुंब परत आले आणि दुसऱ्याच वर्षी, 23 जुलै 1874 रोजी, अरू क्षयाने गेली. वय वर्षे वीस. आता तीन भावंडांतली एकटी तोरू उरली. आणि तिलाही खोकला लागलेला होताच.

तिचे दिवस कसे जात? पत्रांतून जे दिसते ते अगदी साधे आहे. कधी शहरातले घर, कधी बागमारीचा बागेतला बंगला. मांजरांची पिल्ले, पक्षी, गाडीचे घोडे, बागेतली फळे यांच्या हकीकती ती मैत्रिणीला मोठ्या कौतुकाने कळवी. बायबलचे वाचन आणि प्रार्थना हा नित्याचा भाग. येणेजाणे फारसे नाही. ख्रिस्ती झालेले बंगाली कुटुंब हिंदू समाजापासून दुरावलेले, आणि राज्यकर्त्या इंग्रजांच्या पंक्तीत त्याला मानाचे पान नाही. केंब्रिजला मोकळेपणाने हिंडलेल्या मुलीला कलकत्त्यात घराच्या भिंती फार जवळ वाटत. एखादी मुलगी या एकटेपणाने कोमेजून गेली असती. तोरू पुस्तकांकडे वळली.

पण तिचे वाचन वेळ घालवण्याचे वाचन नव्हते. ती भराभर वाचे, पण अडलेला शब्द कधी ओलांडून पुढे जात नसे. शब्दकोश आणि ज्ञानकोश धुंडाळून अर्थ लागला की त्याची टिपणी करून ठेवी. बापलेकीत शब्दांच्या अर्थावरून वाद होत आणि कधी कधी एक रुपयाची पैज लागे. कोश उघडला की बहुतेक वेळा लेकीचीच जीत! क्वचित हरली तर ती हसून वडिलांचे पिकलेले गाल आपल्या कृश बोटांनी थोपटी आणि एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या आपल्या आवडत्या कवयित्रीची एखादी ओळ म्हणून दाखवी. वडिलांनीच पुढे ही आठवण लिहून ठेवली आहे. घरी सुबत्ता होती, पुस्तके विकत घेता येत होती, हे खरे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नसते. परंतु अडलेल्या शब्दापाशी थांबायला पैसे पडत नाहीत, आणि हा धडा कोणालाही घेता येण्याजोगा आहे.

डिसेंबर 1874 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, एका फ्रेंच कवीवरचा तिचा लेख 'बेंगॉल मॅगझिन'मध्ये आला. 1876 मध्ये फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचा 'अ शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स' हा संग्रह कलकत्त्यातील भवानीपूरच्या छापखान्यातून निघाला. त्यात दिवंगत अरूचेही आठ अनुवाद होते. कागद हलका, छपाई सामान्य, प्रस्तावना नाही. असे ते पुस्तक लंडनच्या 'एक्झॅमिनर' पत्राच्या कचेरीत पोचले आणि एडमंड गॉस या तरुण समीक्षकाच्या हाती नाइलाजाने आले. त्याने काहीशा नाखुशीनेच ते उघडले आणि वाचता वाचता तो थक्क झाला. त्याच्या परीक्षणाने तोरूचे नाव विलायतेत पोचले.

1875 च्या अखेरीस वडिलांसह तिने संस्कृत शिकायला सुरुवात केली होती. प्रकृतीमुळे हा अभ्यास वर्षभरही टिकला नाही. पण तेवढ्यात ध्रुव, सावित्री, प्रल्हाद, एकलव्य यांच्या कथा तिच्या इंग्रजी काव्यात उतरल्या. कुणी विचारील, ख्रिस्ती मुलीला या कथांचे काय? तोरूला तसा प्रश्न पडलेला दिसत नाही. येशूवरची तिची श्रद्धा निखळ होती. आणि आईच्या तोंडून ऐकलेली सीता तिची स्वतःची होती. श्रद्धा बदलली म्हणून आईची भाषा आणि मातीचे नाते तोडावे लागते, असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना तिच्या कविता हे उत्तर आहे.

विलायतेचे प्रेम असूनही तिचे डोळे उघडे होते. आरंभी पत्रांत ती आपल्याच लोकांना इंग्रजांच्या ढंगाने 'नेटिव्ह' म्हणे. मेरीने ती चूक दाखवताच तिने ती मान्य केली. आणि हिंदी माणसाचा जीव घेणाऱ्या गोऱ्याला कोर्ट किरकोळ शिक्षा देऊन सोडते, तेव्हा आपल्या माणसाचा जीव इंग्रज न्यायाधीशाला किती स्वस्त वाटतो, हेही तिने त्याच इंग्रज मैत्रिणीला स्पष्ट कळविले.

1877 साली पुन्हा इंग्लंडला जाण्याचे बेत चालले होते. प्राचीन हिंदी स्त्रियांवर ग्रंथ लिहिणाऱ्या क्लॅरिस बादेर या फ्रेंच लेखिकेशी तिचा पत्रव्यवहार जुळला होता. तिचा ग्रंथ इंग्रजीत आणण्याची तोरूची इच्छा होती. दुखण्याने सारे बेत मोडले. उपचारांच्या वेदनांनी डोळ्यांतून पाणी येई. तेव्हा ती सांगे की रडते आहे ते शरीर. मन शांत आहे, कारण आपण कोणावर भरवसा ठेवला आहे हे आपल्याला ठाऊक आहे. 30 ऑगस्ट 1877 रोजी ती गेली. वय एकवीस वर्षे आणि सहा महिने.

तिच्या मागे वडिलांना तिच्या कागदपत्रांत एका संपूर्ण फ्रेंच कादंबरीचे हस्तलिखित सापडले. 1879 मध्ये ती पॅरिसला, क्लॅरिस बादेरच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झाली. 1882 मध्ये गॉसच्या प्रस्तावनेसह 'एन्शंट बॅलड्स अँड लेजंड्स ऑफ हिंदुस्थान' हा संग्रह लंडनला निघाला. सुरूच्या झाडाची कविता त्यातलीच. झाड भव्य आहे, त्याला वेलीने मिठी मारली आहे. पण कवयित्रीला ते प्रिय आहे ते त्याच्या सावलीत खेळलेल्या आणि आता नसलेल्या भावंडांमुळे. ही दोन्ही पुस्तके तोरूने छापलेली पाहिली नाहीत. तिन्ही मुले गमावलेला बाप लेकीची पाने एकामागून एक छापायला धाडत राहिला, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

तोरूचे चरित्र वाचून मिटताना मनात एक प्रश्न राहतो. देवावर इतका भरवसा ठेवणाऱ्या मुलीला देवाने काय दिले? भाऊ नेला, बहीण नेली, शेवटी तिलाही नेले. पण तोरूने आपल्या श्रद्धेचा असा जमाखर्च कधी मांडलेला दिसत नाही. भरवसा ठेवून ती दररोज सकाळी उठली, मांजरांना खायला घातले, कोश उघडला आणि कालच्या पानापासून पुढे वाचू लागली. उद्याची खात्री नसताना आजचे पान नीट वाचणे, याहून मोठा भरवसा कोणता असेल? आपल्याकडे तर तिच्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस आहेत. निदान तिची ती एक कविता परीक्षेनंतरही एकदा वाचावी, आणि शब्द अडला तर थांबावे.