अनुदान, मुष्टिफंड आणि कर्मवीर

कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेलेला एक जैन विद्यार्थी परत आल्यावर आंघोळ करायला तयार झाला नाही, म्हणून त्याला जैन बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले. अस्पृश्यांचा विटाळ झुगारणारा तो मुलगा म्हणजे १८८७ साली कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील. शाहू महाराजांचा सहवास आणि सत्यशोधक चळवळीचा संस्कार त्यांना तिथेच लाभला.

१९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला ती साताऱ्यास आली. महार, मांग, मराठा, मुसलमान मुले एका पंगतीत जेवू लागली. पैसा कुठला? लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह दागिने मोडले. घराघरांतून मूठमूठ धान्य जमले, तोच मुष्टिफंड. मुलांनीही श्रम केले. सरकारी मदतीवाचून लोक काय करतात, ते इथे दिसते. पण ही उमेद किती गावांना पुरणार?

१९३७ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि त्याने स्वयंसेवी, म्हणजे व्हॉलंटरी शाळांना अनुदान देण्याचे धोरण घेतले. गावाने देऊळ नाहीतर चावडी द्यावी, संस्थेने मास्तर द्यावा, सरकारने खर्चाचा वाटा उचलावा. रयतने पाचशेहून अधिक शाळा उभ्या केल्या. ज्या गावात वर्षानुवर्षे कोणी पाटी-पेन्सिल पाहिली नव्हती, तिथली माणसे स्वतः पुढे आली, कारण आपले श्रम वाया जाणार नाहीत याची हमी धोरणात होती. फुकट राबायला गरीब नेहमीच तयार असतो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. राबणाऱ्यालाही भरवसा लागतो.

गांधीहत्येनंतर १९४८ साली खेर सरकारशी खटका उडाला आणि रयतचे अनुदान थांबले. आम्हा वकिलांच्या भाषेत सांगायचे तर मुलांचे शिक्षण हे राज्याचे कर्तव्य. ते लोकांनी अंगावर घेतले असता सरकारने हात आखडणे म्हणजे कर्तव्यच्युती. लोकांनी वर्गण्या काढून संस्था जगवली, गाडगेबाबा भाऊरावांच्या पाठीशी उभे राहिले, अनुदान पुन्हा सुरू झाले. तरी तेवढ्या काळात शिक्षकांनी काढलेले हाल कोणत्या सरकारी हिशेबात आले?

१९५९ साली केंद्राने भाऊरावांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात ते गेले.