अण्णांनी विमाही आश्रमाला दिला, बाया चिडल्या, तरी संसार ५७ वर्षं टिकला

११ मार्च १८९३. पुण्यात एक लग्न लागलं आणि कोकणातल्या मुरूड गावाने नवरदेवाला वाळीत टाकलं. कारण नवरी विधवा होती.

नवरदेव म्हणजे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे विधुर प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. नवरी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण सगळे त्यांना बायाच म्हणायचे.

१८९६ मध्ये अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला. साठवलेला पैसा तिकडे गेलाच, शिवाय ५ हजारांचा विमाही त्यांनी आश्रमाच्या नावे केला.

बाया भडकल्या. उद्या काही बरंवाईट झालं तर पोरांनी खायचं काय?

राग खरा होता आणि बायांनी तो गिळला नाही. पुढे ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रातही त्यांनी संसारातली ओढाताण लपवली नाही. पण त्या नुसत्या चिडून बसल्या नाहीत. सुईणीचं काम शिकून त्यांनी संसाराला हातभार लावला आणि ज्या आश्रमापायी घरात चणचण होती, त्याच्यासाठीच वर्गणी गोळा केली.

१९५० मध्ये बाया गेल्या, तेव्हा लग्नाला ५७ वर्षं झाली होती. हा संसार भांडणाशिवाय झाला नाही. भांडूनही दोघांनी एकमेकांचं काम आपलं मानलं, म्हणून तो टिकला.