रुडॉल्फ फिरखो

रुडॉल्फ फिरखो (१३ ऑक्टोबर, १८२१ – ५ सप्टेंबर, १९०२) हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ होते. पोमेरेनियातील शिफेलबाइन येथे जन्मलेल्या फिरखो यांनी १८४३ मध्ये बर्लिनला वैद्यकाची पदवी घेतली. १८४८ च्या क्रांतीत भाग घेतल्याने त्यांना बर्लिन सोडावे लागले. १८४९ ते १८५६ ही वर्षे त्यांनी व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात अध्यापनात घालवली.

त्या काळी शवविच्छेदनात काही मृतांचे यकृत, प्लीहा व मूत्रपिंड मेणासारखे घट्ट झालेले आढळत. परंतु हा विकार केवळ डोळ्यांनी पाहून ठरवला जाई. १८५४ मध्ये फिरखो यांनी मेंदूतील सूक्ष्म कणांवर आयोडीन टाकले. कण फिकट निळे झाले आणि गंधकाम्ल मिसळताच जांभळे दिसू लागले. वनस्पतींतील सेल्युलोज असाच रंग दाखवते, म्हणून त्यांनी या द्रव्याला 'अमिलॉइड', म्हणजे पिष्टासारखे, असे नाव दिले. मेणासारख्या अवयवांतही आयोडीनचा परिणाम दिसत असल्याने तेथील द्रव्यही याच नावाने ओळखले जाऊ लागले. रंगावरून रोग ओळखण्याची ही कल्पना मोलाची होती, निष्कर्ष मात्र चुकला. १८५९ मध्ये निकोलाउस फ्रीडरिख व ऑगुस्ट केकुले यांनी अशा प्लीहेतील द्रव्य पिष्ट नसून प्रथिनवर्गीय असल्याचे दाखवले. नाव तरीही टिकले.

आयोडीनची जागा पुढे काँगो रेड या रंगाने घेतली (१९२२). आता जिवंत रुग्णाच्या पोटाच्या चरबीचा वा बाधित अवयवाचा तुकडा काढून तो याने रंगवतात. ध्रुवित प्रकाशात हिरवी झळाळी दिसली की निदान पक्के होते. त्यानंतर प्रथिन कोणते हे शोधावे लागते, कारण उपचार त्यावरच ठरतात.