कामगारांचे कैवारी अप्टन सिंक्लेअर

शिकागो हे अमेरिकेतील एक मोठे व्यापारी शहर आहे. या शहराच्या दक्षिण भागात १८६५ साली जनावरांचा एक प्रचंड बाजार उघडला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आगगाड्या भरभरून गुरे, डुकरे आणि मेंढ्या तेथे येत. बाजाराला लागूनच मोठमोठे कारखाने होते. तेथे जनावरे मारून त्यांचे मांस खारवीत, डब्यांत भरीत आणि साऱ्या देशाला, एवढेच नव्हे तर परदेशांनाही पुरवीत. हजारो माणसे त्या कारखान्यांत राबत. ती कोणत्या हालांत राबतात, हे मात्र ते अन्न खाणाऱ्यांना ठाऊक नव्हते. हे हाल जगापुढे मांडण्याचे काम एका गरीब, तरुण लेखकाने केले. त्याचे नाव अप्टन सिंक्लेअर.

अप्टनचा जन्म २० सप्टेंबर १८७८ रोजी बाल्टिमोर शहरी झाला. त्याचे वडील मद्याचे फिरते विक्रेते होते आणि दुर्दैवाने ते स्वतःही मद्याच्या आहारी गेले होते. त्यामुळे घरात पैसा टिकत नसे. भाड्याच्या कोंदट खोलीत ढेकणांशी झुंजत रात्र काढावी लागे. आईच्या माहेरची माणसे मात्र धनवान होती. आज ढेकणांची खोली, तर उद्या आजोळचा मऊ बिछाना, असे त्या मुलाचे बालपण गेले. एकाला इतके आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे का, हा प्रश्न तेव्हाच त्याच्या मनात घर करून बसला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. चौदा वर्षे पुरी होण्याआधीच अप्टन कॉलेजात दाखल झाला. मासिकांसाठी विनोद आणि साहसकथा लिहून तो आपला खर्च भागवू लागला.

लेखणीवर पोट भरणे सोपे नव्हते. लग्न झाले, मुलगा झाला, तरी सिंक्लेअर यांचे दारिद्र्य हटले नाही. न्यूजर्सी राज्यात प्रिन्स्टन गावाजवळ ते एका लहानशा घरात राहत होते. तेथे त्यांनी अमेरिकेतील गुलामगिरी आणि यादवी युद्ध यांवर एक कादंबरी लिहिली. ती वाचून एका समाजवादी साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना एक काम सुचविले. काळ्या गुलामांविषयी लिहून झाले. आता कारखान्यांतील मजुरांच्या गुलामगिरीविषयी लिहावे. त्यासाठी पाचशे डॉलर आगाऊ देण्याचे ठरले. त्याच वर्षी, १९०४ च्या उन्हाळ्यात, शिकागोच्या मांस कारखान्यांतील मजुरांनी संप केला होता. बिनकसबी मजुरांची तुटपुंजी मजुरी आणखी घटू नये, एवढीच त्यांची मागणी होती. कारखानदारांनी बदली मजूर आणून तो संप मोडून काढला. हरलेले मजूर मुकाट्याने कामावर परतले होते. सिंक्लेअर यांनी तेथेच जायचे ठरविले.

सात आठवडे ते त्या वस्तीत राहिले. कारखान्यांत परक्या माणसाला सहजासहजी प्रवेश नव्हता. परंतु सिंक्लेअर यांच्या अंगावरचे कपडे मुळातच जुने आणि विटके होते. हातात मजुरांसारखा जेवणाचा डबा घेतला की त्यांना कोणी अडवीत नसे. गरिबी अशी त्यांच्या उपयोगी पडली! दिवसा ते कारखान्यांतून हिंडत आणि रात्री मजुरांच्या घरी बसून त्यांची हकीकत ऐकत.

त्यांनी काय पाहिले? वर साखळीला टांगलेली जनावरे एकामागून एक सरकत येत आणि प्रत्येक मजूर त्यांवर ठरलेला एकच घाव घाली. वेग वाढविला की सर्वांचे हात तितक्याच झपाट्याने चालले पाहिजेत. घाईत सुरी निसटे आणि बोटे कापली जात. खारवण्याच्या खोल्यांत काम करणाऱ्यांचे हात क्षारांनी खाल्ले जात. थंडीत उघड्यावरची आणि शीतगृहांतली कामे अंग गोठवीत. पायाखालची जमीन सदैव ओली आणि घाणेरडी असे. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत क्षयरोग एकाकडून दुसऱ्याकडे जाई. कोणी जायबंदी झाला, तर त्याचे काम जाई. दररोज पहाटे कारखान्याच्या दाराशी काम मागणाऱ्यांची झुंबड उडे आणि मुकादम त्यांतले धट्टेकट्टे तेवढे निवडून घेई. हे बहुतेक मजूर युरोपातून पोटासाठी आलेले होते. त्यांना इंग्रजी भाषाही धड येत नव्हती.

एके दिवशी एका दारूच्या गुत्त्याच्या मागील खोलीत लिथुआनियातून आलेल्या मजुरांचे लग्न चालले होते. सिंक्लेअर तेथे कडेला बसून राहिले. कष्टाने मोडून गेलेली माणसे वाद्यांच्या तालावर नाचत होती. आपल्या कादंबरीचा आरंभ त्यांना तेथे सापडला. नाताळच्या दिवशी ते प्रिन्स्टनजवळच्या एका लहानशा खोपटात लिहावयास बसले. ‘द जंगल’ ही कादंबरी १९०५ साली त्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक युर्गिस हा एक दणकट लिथुआनियन तरुण आहे. आपल्या बाहूंच्या बळावर सर्व काही मिळेल, असे त्याला वाटते. पण त्याची नोकरी, त्याचे घर आणि त्याचा संसार एकेक करून हातचे जातात.

पुस्तक छापावयास अनेक प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी एका प्रकाशन संस्थेने शिकागोला माणूस पाठवून मजकुराची खात्री करून घेतली आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तक बाहेर आले. देशभर खळबळ उडाली. परंतु ती कशामुळे? सडलेले मांस, उंदरांची घाण आणि रोगी जनावरे यांविषयी पुस्तकात थोडीच पाने होती. लोकांचे लक्ष गेले ते त्या पानांकडे. आपल्या ताटात काय येते, याने ते हादरले. ज्यांच्या हातांतून ते येते, त्या हातांचा विचार फार थोड्यांनी केला.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना सिंक्लेअर यांची मते मुळीच पटत नव्हती. तरीही त्यांनी चौकशीसाठी दोन अधिकारी पाठविले. कारखानदारांना चाहूल लागली आणि त्यांनी घाईघाईने साफसफाई सुरू केली. पण एवढे करूनही जे दिसले ते कमी भयंकर नव्हते. मजुरांना हात धुण्याची सोय नाही, शौचालये अपुरी आणि कामाच्या जागेला लागूनच, असे अधिकाऱ्यांनी नमूद केले. ३० जून १९०६ रोजी दोन कायदे झाले. एकाने मांसाची सरकारी तपासणी सक्तीची झाली. दुसऱ्याने अन्न आणि औषधे यांतील भेसळीला बंदी घातली. मजुरांची मजुरी, कामाचे तास, त्यांचे जखमी हात यांविषयी त्यांत काहीच नव्हते. ही खंत सिंक्लेअर यांना पुढे कायम राहिली.

पण ते स्वस्थ बसले नाहीत. १९१४ साली कोलोरॅडोतील संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला आणि त्यात स्त्रिया आणि मुलेही बळी पडली. तेव्हा सिंक्लेअर यांनी दंडाला काळी फीत बांधून न्यूयॉर्कमध्ये खाणमालकाच्या कचेरीसमोर मूकपणे फेऱ्या घातल्या आणि तुरुंगवास पत्करला. १९२३ साली कॅलिफोर्नियात गोदी कामगारांच्या संपाच्या वेळी देशाची राज्यघटना जाहीरपणे वाचल्याबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली. स्वतःच्याच देशाची घटना वाचणे हा अपराध ठरावा, हे नवलच! १९३४ साली ते कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि पडले. त्यांनी नव्वदाहून अधिक पुस्तके लिहिली.

मजुरीचे किमान दर आणि कामाचे तास ठरविणारा देशव्यापी कायदा १९३८ साली झाला. १९४३ साली मांस कारखान्यांतील काळ्या आणि गोऱ्या कामगारांनी मिळून आपली बलाढ्य संघटना स्थापन केली. ‘द जंगल’ प्रसिद्ध झाल्याला तोवर सदतीस वर्षे लोटली होती.

१५ डिसेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मांस तपासणीच्या नव्या कायद्यावर सही केली. जुन्या कायद्यातून सुटलेले लहान कारखानेही त्यामुळे तपासणीच्या कक्षेत आले. त्या समारंभाला एकोणनव्वद वर्षांचे सिंक्लेअर चाकांच्या खुर्चीतून आले होते. कायदा याही वेळी मांसाविषयीच होता. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९६८ रोजी, त्यांचे निधन झाले.